खाड्यासकट हिशोब: येरवड्याच्या दारापासून पहिल्या पगारापर्यंत

राज्यातल्या कारागृहांत काम करणाऱ्या बंद्यांची मजुरी ऑगस्ट २०२३ मध्ये वाढली. कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या वसाहतीत ९४. महिन्याला पंचवीस दिवस काम मिळाले असे धरले, तर पुण्याच्या येरवडा कारागृहात सुतारकामात किंवा शिवणकामात हात बसलेल्या माणसाचे १,८५० रुपये होतात आणि अकुशल काम करणाऱ्याचे १,३२५. त्यातून कँटीनचा साबण, बिस्किटे आणि घरी पाठवलेले पैसे वजा जातात. उरेल ते घेऊन माणूस बाहेर येतो.

हे पक्क्या कैद्याचे झाले. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती नसते, त्यामुळे बहुतेकांच्या नावावर मजुरीही जमत नाही. आणि आपल्या कारागृहांत कच्चेच जास्त आहेत. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीत ५,७३,२२० बंद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे होते, म्हणजे चारांतले तीन. ही माणसे जामिनावर सुटतात, कित्येक पुढे निर्दोष ठरतात आणि रिकाम्या हाताने पुणे स्टेशनची बस पकडतात. पुनर्वसनाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर जन्मठेप भोगून आलेला माणूस उभा राहतो. वर्ष-दीड वर्ष आत काढून, गुन्हा सिद्ध न होता बाहेर आलेला बावीस वर्षांचा मुलगा सहसा आठवत नाही. हा लेख दोघांसाठी आहे, आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे, कारण बाहेरची निम्मी धावपळ त्यांच्याच वाट्याला येते.

पहिल्या पगारापर्यंत

समजा, घरी जायला जागा नाही किंवा गावी परतणे शक्य नाही, आणि पुण्यातच राहायचे आहे. लोहगाव, विश्रांतवाडी, वडगाव शेरी, हडपसर या पट्ट्यात कॉट बेसिसवर राहायचे म्हटले तर महिन्याला साधारण चार हजार आणि तेवढीच अनामत. दोन वेळची खानावळ तीन-सव्वातीन हजार. पीएमपीचा मासिक पास जून २०२५ च्या दरवाढीनंतर १,५०० रुपये. जुना, पण चालणारा स्मार्टफोन साडेचार हजारांच्या आसपास. फोनला चैन समजू नका. आधारचा ओटीपी, बँकेचा संदेश आणि मुकादमाचा निरोप त्याच्यावरच येतो. रिचार्ज तीनशे, कागदपत्रांचे सातशे, चपला-कपडे आणि किरकोळ हजारभर. पहिल्या महिन्याची बेरीज १९,२०० रुपयांवर जाते.

दुसऱ्या महिन्यात अनामत, फोन आणि कपडे नाहीत, तरी राहणे, जेवण, पास आणि रिचार्ज मिळून नऊ हजार लागतात. हा दुसरा महिना बहुतेकांच्या हिशोबातून सुटतो. काम पहिल्या आठवड्यात मिळाले तरी पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो. म्हणजे पहिला पगार हातात पडेपर्यंत २८ हजारांची तजवीज हवी. अकुशल काम करणाऱ्या बंद्याची ही जवळजवळ पावणेदोन वर्षांची संपूर्ण मजुरी झाली, एक पैसाही खर्च न करता साठवलेली. कुशल कारागिराची सव्वा वर्षाची.

घर असेल, आणि घराने दार उघडले असेल, तर यातले निम्मे वाचतात. म्हणून सुटकेआधी नाती सांभाळणे हा भावनेचा विषय आहे तसा पैशाचाही आहे. औंध संस्थानाने हे १९३९ मध्येच ओळखले होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे बंद्यांची मोकळी वसाहत वसवली गेली, तेव्हा कैद्याने कुटुंबासह राहावे, शेती करावी, ही त्यामागची कल्पना होती. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. घर न तुटलेला माणूस सुटतो तेव्हा त्याला अनामत भरावी लागत नाही, हे त्या काळच्या एका छोट्या संस्थानाला कळले होते.

पगार येईपर्यंतची खिंड लढवायला मजूर अड्डा हा सगळ्यांत जवळचा मार्ग आहे. बिगाऱ्याला दिवसाला सहा-सातशे मिळतात, संध्याकाळी रोख, आणि कुणी कागद मागत नाही. त्यात कमीपणा मानू नका. पण अड्ड्यावरच थांबायचे नसेल तर एक काम करा. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले की महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. शुल्क एक रुपया, वय १८ ते ६०. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून उपचारांपर्यंतच्या योजना त्यामागून येतात. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून वेळच्या वेळी घ्या, काम संपल्यावर तो भेटत नाही. ई-श्रम कार्डही काढून ठेवा, ते फुकट आहे.

कागद: फुकटचे आणि विकतचे

आत गेलेल्या माणसाचे कागद हरवतात. पोलिसांनी जप्त केलेल्या पाकिटात राहतात, खोली सोडताना जातात, पुरात भिजतात. बाहेर आल्यावर सगळ्या गोष्टी एकाच कागदाशी अडतात, तो म्हणजे आधार. आधार क्रमांक एकदा मिळालेला असेल तर तो कायम असतो, नवा काढायचा नसतो. संकेतस्थळावरून ई-आधार विनामूल्य उतरवता येते, फक्त जोडलेला मोबाइल क्रमांक चालू हवा. तो क्रमांक आत असताना बंद पडून दुसऱ्याच कुणाला गेलेला असतो. मग आधार केंद्रावर जाऊन नवा क्रमांक जोडून घ्यावा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून अशा बदलाला ७५ रुपये आणि बोटांचे ठसे वा डोळ्यांची नोंद नव्याने करायला १२५ रुपये. हे पहिले काम. ते झाल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही रांगेत उभे राहू नका.

पॅन नसेल तर आधारवरून ई-पॅन लगेच आणि फुकट मिळते, छापील कार्ड हवे असेल तर १०७ रुपये. मतदार नोंदणी फुकट. शिक्षा भोगून सुटलेल्याला मतदान करता येते, बंदी फक्त आत असेपर्यंत असते. मतदार ओळखपत्र हा पत्त्याचा पुरावाही आहे, म्हणून ते लवकर करून घ्यावे.

बँकेचे खाते दोन वर्षे वापरले नाही तर निष्क्रिय होते. ते पुन्हा चालू करायला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कोणतेही शुल्क घेता येत नाही, आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा नेला की पुरे. दहा वर्षांहून जास्त काळ हात न लागलेली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग करते, पण ती बुडत नाही, मूळ बँकेतच अर्ज करून परत मिळते. जन्मठेप भोगून आलेल्यांनी आणि त्यांच्या वारसांनी जुनी पासबुके फेकू नयेत.

कोर्टाचा निकाल हा तितकाच महत्त्वाचा कागद. शिक्षा झाली असेल तर निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, आज तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. निर्दोष सुटला असाल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित नक्कल घ्या. खर्च पानांवर ठरतो, पण मोठा नसतो. दोन नकला घ्या. एक कधीही कुणाला द्यायची नाही, घरात ठेवायची.

आता स्टँपपेपरविषयी. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला यांसाठीचे प्रतिज्ञापत्र साध्या कागदावर चालते. तरी कार्यालयाबाहेर बसलेला माणूस पाचशेचा स्टँप घ्यायला लावतो. पाचशे रुपये म्हणजे आतल्या अकुशल कामाचे साडेनऊ दिवस. ‘माफी आहे’ हे दोन शब्द ठामपणे म्हणा, आणि तरी मागितले तर कोणत्या आदेशाने ते लेखी मागा.

या सगळ्या सरकारी शुल्काची बेरीज केली तर हजार रुपयेही होत नाहीत. खरा खर्च खाड्याचा आहे. सहाशे-सातशे रोजाने काम करणारा माणूस एका दाखल्यासाठी तीन वेळा फेरी मारतो, तेव्हा किरकोळ शुल्काचा दाखला त्याला दोन हजारांना पडतो. म्हणून एका दिवशी एकच काम करू नका. आधार आणि बँक एकाच दिवशी, दाखले आणि रेशन कार्डात नाव घालणे एकाच दिवशी. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, आठ फोटो आणि निळे पेन बरोबर असू द्या. आणि जिथे अर्ज द्याल तिथे पोच घ्या, तारखेसकट.

चारित्र्याचा दाखला

चाकण, रांजणगाव, भोसरीच्या कारखान्यांत, आयटी पार्कच्या सुरक्षारक्षकाच्या कामात, रिक्षाच्या बॅजला, शाळेच्या बसवर, सगळीकडे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. अर्ज ऑनलाइन होतो, शुल्क सव्वाशे रुपयांच्या घरात. महा ई-सेवा केंद्रातून भरला तर त्यांचे पन्नास-शंभर वेगळे. मग तुम्ही राहता त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून नोंद तपासली जाते आणि गुन्हा दाखल असेल तर तसे दाखल्यावर येते.

इथे सर्वांत जास्त फसवणूक होते, म्हणून थोडे थांबून सांगते. ‘रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणून दहा-वीस हजार मागणारे लोक आहेत. प्रौढ माणसाला झालेली शिक्षा ठराविक वर्षांनी नोंदीतून पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. तो असायला हवा असे मला मनापासून वाटते, पण आज नाही. त्यामुळे पैसे घेऊन नोंद पुसतो म्हणणारा खोटे बोलतो आहे, किंवा तुम्हाला नव्या गुन्ह्यात ओढतो आहे.

मात्र कायद्याने तीन प्रकारच्या लोकांना वेगळी वाट दिली आहे, आणि ती फुकट आहे. पहिले, ज्यांचा गुन्हा अठरा वर्षांच्या आतला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ प्रमाणे अशा मुलाला त्या दोषसिद्धीमुळे पुढे कोणतीही अपात्रता लागत नाही आणि नोंदी मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा ते अठरा वयातल्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या गंभीर गुन्ह्यांचा. दुसरे, ज्यांना शिक्षेऐवजी न्यायालयाने परिवीक्षेवर किंवा समज देऊन सोडले. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ ने त्यांच्यावरची अपात्रता काढून टाकली आहे. हे कलम त्यांच्या वकिलांनीही त्यांना बहुधा सांगितलेले नसते. आपला निकाल काढून वाचा, त्यात परिवीक्षेचा उल्लेख असेल तर हे कलम तुमचे आहे. तिसरे, निर्दोष सुटलेले. त्यांनी निकालाची नक्कल जोडून ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा नोंद झाला तिथे लेखी अर्ज द्यावा, की खटल्याचा निकाल नोंदीत चढवावा. कित्येकदा दाखल्यावर ‘गुन्हा दाखल’ एवढेच येते आणि पुढे काय झाले ते येत नाही. दाखल्याचा अर्ज करतानाच नक्कल जोडा.

ज्यांना शिक्षा झाली आहे आणि जे या तिघांत बसत नाहीत त्यांनी अर्जात काय लिहायचे? सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या प्रकरणात सरकारी नोकरीतल्या पडताळणीबद्दल जे सांगितले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. अर्जात जे स्पष्ट विचारले आहे त्याचे खरे उत्तर द्यायचे. मोघम प्रश्नावरून माहिती दडवली असे म्हणता येत नाही. खरी माहिती दिली म्हणून नोकरी द्यायलाच हवी असे बंधन मालकावर नाही, पण त्याने गुन्ह्याचे स्वरूप आणि परिस्थिती पाहून निर्णय करायचा आहे. यातून व्यवहाराचा नियम असा निघतो: विचारले तर खरे सांगा, आणि विचारण्याआधी सगळी कहाणी सांगत बसू नका. खोटे लिहून मिळालेली नोकरी सहा महिन्यांनी गेली तर त्या सहा महिन्यांचा अनुभवाचा दाखलाही जातो.

आणि आणखी एक गोष्ट, जी सांगताना मला राग येतो. येरवड्याचे कारागृह १८७१ चे. गुन्हेगार जमाती कायदाही १८७१ चाच. तो कायदा १९५२ मध्ये गेला, त्या जमाती विमुक्त झाल्या. पण पारधी समाजातला मुलगा निर्दोष सुटून आला तरी त्याच्या वस्तीवर पुढच्या चोरीच्या वेळी पहिली गाडी येते. त्याच्या बाबतीत खाडा कागदासाठी पडत नाही, चौकशीसाठी पडतो. अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करावी. अनुसूचित जाती-जमातीतल्या व्यक्तींना, सर्व स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. पुण्याचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे, देशभरचा विनाशुल्क क्रमांक १५१००.

रिक्षा आणि टॅक्सीच्या बॅजला पडताळणी आहेच, पण साध्या वाहन परवान्याला चारित्र्याचा दाखला लागत नाही. शिकाऊ परवान्याचे १५० आणि परीक्षेचे ५०, पक्क्या परवान्याच्या चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २००, स्मार्ट कार्डाचे आणखी २००. हे सरकारी शुल्क आहे. ड्रायव्हिंग स्कूलचे पाच-सहा हजार वेगळे, आणि ज्याला आधीपासून गाडी येते त्याला ते लागत नाहीत. छोटा टेम्पो चालवणाऱ्याला मार्केट यार्डात आजही रोज काम आहे.

शिकायचे असेल तर

आत असतानाचे शिक्षण जवळजवळ फुकट आहे, आणि हे शिकणाऱ्यांना बाहेर आल्यावर कळते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ बंद्यांकडून शुल्क घेत नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रमही कारागृहांत चालतात. परीक्षा पूर्ण केल्यास शिक्षेत माफीचे दिवस मिळण्याची सोय आहे, म्हणजे अभ्यासाने घरी लवकर जाता येते. ज्यांचा माणूस आत आहे त्यांनी पुढच्या मुलाखतीत हा विषय काढावा. सुटका अभ्यासक्रमाच्या मध्येच झाली तर सोडून देऊ नका. मुक्त विद्यापीठाच्या तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांची मुदत असते. अभ्यासकेंद्र बदलण्याचा अर्ज द्या आणि राहिलेल्या वर्षाचे शुल्क आता भरावे लागेल, ते धरून चाला.

दहावी राहिली असेल तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. नोंदणी आणि प्रक्रिया मिळून हजार-अकराशे, परीक्षा शुल्क वेगळे. फॉर्म ठराविक महिन्यांतच निघतात, वर्ष चुकले की वर्ष जाते. रोज काम करणाऱ्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्था जास्त सोयीची, कारण एकेक विषय करून परीक्षा देता येते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र दोन्हीकडे कामी येतो. तो जुन्या शाळेतून आधी आणून ठेवा.

पुण्यातल्या औंधच्या आयटीआयला प्रवेशासाठी कमाल वयाची अट नाही, किमान १४ वर्षे एवढीच. अर्जाचे शे-दीडशे, शासकीय संस्थेत शुल्क अगदी थोडे. पस्तिशीचा माणूस सोळा वर्षांच्या मुलांशेजारी बसायला लाजतो. ती लाज पहिल्या आठवड्यात जाते, वेल्डिंगचे प्रमाणपत्र आयुष्यभर राहते. अडचण वेगळीच आहे, दिवसभराच्या वर्गाने रोज बुडतो. वर्ष-दोन वर्षे घर चालवणारे दुसरे कुणी नसेल तर आयटीआयचा हट्ट न धरता थोड्या आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्या. महापालिकेच्या सहकार्याने चालणाऱ्या लाइटहाउस केंद्रांत तरुणांना कामाचे कौशल्य आणि मुलाखतीची तयारी नाममात्र शुल्कात मिळते.

कारागृहात शिकलेल्या कामाचे प्रमाणपत्र हातात असेल तर ते नीट पाहा. त्यावर कारागृहाचे नाव ठळक छापले असेल, तर त्याच कौशल्याची बाहेर पुन्हा परीक्षा देऊन नवे प्रमाणपत्र मिळवणे शहाणपणाचे. कौशल्य विकास योजनेत येत असलेल्या कामाला परीक्षा घेऊन मान्यता देण्याची सोय आहे. लपवाछपवी म्हणून हे सुचवत नाही. सुतारकाम चांगले येते हे सांगताना ते कुठे शिकलो हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगण्याचे बंधन कुणावरच नसते.

स्वतःचा धंदा

येरवड्यात शिकवल्या जाणाऱ्या कामांकडे पाहिले, की नोकरीपेक्षा धंद्याचा हिशोब सोपा वाटतो. सुतार, शिंपी, न्हावी, धोबी, चांभार, गवंडी, कुंभार, हे सगळे व्यवसाय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत आहेत. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात, विनाशुल्क. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते, म्हणजे खाडा भरून निघतो. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे व्हाउचर मिळते आणि पुढे पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत, विनातारण. अट अशी की एका कुटुंबातून एकालाच, आणि गेल्या पाच वर्षांत तशाच दुसऱ्या सरकारी कर्जाचा लाभ घेतलेला नसावा. फॉर्म भरण्याआधी घरात विचारा, नवऱ्याने किंवा बायकोने अर्ज केला असेल तर तुमचा अडकेल.

हातगाडी लावणाऱ्यासाठी पंतप्रधान स्वनिधीतून पहिल्या टप्प्याला आता १५,००० रुपये मिळतात, पण महापालिकेचे फेरीवाला प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र लागते. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयातल्या परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटा. मुक्तबंद्याला स्वयंरोजगारासाठी एकरकमी मदत देण्याची योजना त्यांच्याकडे आहे. सुटकेचा दाखला, निकालाची प्रत आणि धंद्याचा साधा अंदाजपत्रकाचा कागद बरोबर न्या. त्या अंदाजपत्रकात शिलाई मशिनची किंमत दुकानदाराच्या कोटेशनसह लिहिलेली असली तर फाइल परत येत नाही.

कर्जाबाबत एक सावधगिरी. राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना १ मे २०२२ रोजी येरवड्यात सुरू झाली. आतल्या बंद्याला मजुरीच्या आधारावर, जामीनदाराशिवाय, सात टक्क्यांनी ५० हजारांपर्यंत कर्ज. मुलीची फी किंवा वकिलाचे पैसे भरायला ती चांगलीच आहे, सावकारापेक्षा तर कितीतरी बरी. पण ७४ रुपये रोजातून फेडायच्या ५० हजारांचे ओझे सुटकेनंतरही उरू शकते. घरच्यांनी ते कर्ज मागण्याआधी हप्ता आणि राहिलेली शिक्षा समोरासमोर मांडून पाहावी.

ती बाहेर आली तर

स्त्री बंदी सुटते तेव्हा हा सगळा हिशोब दुप्पट अवघड होतो, कारण तिला न्यायला अनेकदा कुणीही आलेले नसते. कॉट बेसिसची खोली एकट्या बाईला सहजी मिळत नाही, मजूर अड्ड्यावर तिचा रोज कमी असतो. माहेर, सासर दोन्ही बंद असेल तर शक्ती सदन, म्हणजे पूर्वीचे स्वाधार गृह, तिच्यासाठी आहे. कारागृहातून सुटलेल्या, आधार नसलेल्या स्त्रिया या योजनेत मुळापासून धरलेल्या आहेत. राहणे, जेवण, प्रशिक्षण फुकट. १८१ या महिला हेल्पलाइनवरून जागा कळते. महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यातच, राणीच्या बागेत आहे.

आई किंवा वडील आत असताना मुलांना बालसंगोपन योजनेतून महिना २,२५० रुपये मिळू शकतात. मुलाला सांभाळणाऱ्या आजीने किंवा मावशीने अर्ज करायचा. दोन मुलांचे साडेचार हजार म्हणजे त्यांची शाळा सुटत नाही. हे पैसे कुणी आपणहून घरी आणून देत नाही, अर्ज करावा लागतो, आणि ज्या दिवशी अटक झाली त्या आठवड्यात हे सांगणारे कुणी भेटत नाही. म्हणून इथे लिहिले.

काम देणाऱ्यांसाठी थोडे

दुकान, वर्कशॉप किंवा सोसायटी चालवणाऱ्यांनी एवढे करावे. दाखला मागण्याआधी काम ठरवा. गोदामात माल उचलायला चारित्र्याचा दाखला कशाला लागतो? लागत असेल तर काय पाहणार ते आधीच सांगा. दाखल्यावर नोंद दिसली तर माणसाला परत पाठवण्यापूर्वी निकाल वाचा, निर्दोष असेल तर विषय तिथेच संपतो. आणि पहिल्या महिन्याचा पगार दर आठवड्याला द्या. तुम्हाला त्याचा एक पैसा जास्त पडत नाही, पण त्याचा तो दुसरा, नऊ हजारांचा महिना सुटतो.

सुटकेआधीचा महिना

जामीन मंजूर होऊनही रकमेअभावी आत अडकलेल्यांसाठी केंद्राची गरीब बंदी साहाय्य योजना २०२३ मध्ये आली. सुरुवातीच्या नियमांत कच्च्या कैद्यासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि पक्क्या कैद्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत धरली होती. अर्ज कारागृह आणि विधी सेवा प्राधिकरणामार्फत जातो. दंड न भरल्यामुळे जास्तीचे महिने आत काढणाऱ्यांच्या घरच्यांनी ही योजना नाव घेऊन मागावी.

सुटकेची तारीख दिसू लागली की पुढची कामे बाहेरच्याने उरकायला घ्यावीत: घरातले आधार शोधणे, जुना मोबाइल क्रमांक चालू आहे का ते पाहणे, शाळेचा दाखला आणणे, बँकेत खात्याची स्थिती विचारणे, रेशन कार्डात नाव अजून आहे का ते पाहणे. आतल्याने मजुरीच्या खात्याचा हिशोब, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि निकालाची प्रत मागून घ्यावी. घरी जाण्याचा प्रवासखर्चही कार्यालयात विचारावा. सुटका सहसा संध्याकाळी होते, त्या रात्री कुठे झोपायचे ते आधी ठरलेले असू द्या.

जो जामिनावर सुटला आहे त्याच्या मागे तारखा असतात. महिन्यातून एक तारीख म्हणजे एक खाडा, आणि नव्या कामावर दुसऱ्याच महिन्यात खाडा झाला की मुकादम दुसरा माणूस बघतो. प्रत्येक तारखेला आरोपीने हजर राहायलाच हवे असे नाही. वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३५५ त्यासाठीच आहे, आणि मोफत वकील असला तरी तो अर्ज देतो. साक्षीपुराव्याची किंवा निकालाची तारीख असेल तेव्हा मात्र जाच. तारीख ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी फुकट पाहता येते. मुकादमाला त्याच संध्याकाळी सांगा, सकाळी फोन करून नको.